गेमिंग पीसीचे पार्ट निवडताना या चुका टाळा: सुरुवात भिंतीतल्या पॉइंटपासून

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली पोरं गेमिंग पीसी जोडायला घेतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ? व्हिडिओ बघून पार्टची यादी पाठ झालेली असते, पंख्यांच्या लाईटचा रंगसुद्धा ठरलेला असतो. पण ज्या बोर्डात पिन घालून हे सगळं चालवायचं, त्याला अर्थिंग आहे का, वळीव सुरू झाला की आपल्या गल्लीतली लाईट किती वेळा येते-जाते, हे त्या यादीत कुठेच नसतं. यादी करणाऱ्याला त्याची गरज पडत नाही, आपल्याला पडते. माझं मत स्पष्ट आहे. आपल्या भागात पार्ट निवडायला सुरुवात विजेपासून करावी आणि मग उरलेल्या पैशात बसेल ते कार्ड घ्यावं.

कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस

बजेट कमी पडलं की कात्री पहिल्यांदा एसएमपीएसवर, म्हणजे घरातली वीज पार्टना लागेल तशी करून देणाऱ्या पॉवर सप्लायवर चालते. कॅबिनेट घेतलं की ‘साडेचारशे वॅटचा सप्लाय आतच आहे’ असं सांगतात आणि घेणाराही खूश होतो. तो मोठा आकडा बाजूला ठेवा आणि सप्लायच्या अंगावरचं लेबल वाचा. त्यावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच लाईनवरून ओढतात. तिथे १५ अँपिअर असतील तर तो सप्लाय कामाच्या लाईनवर १८० वॅटचा, वर काहीही छापलेलं असो. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड एकटंच १७० वॅट घेतं. चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायवर हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास असतो.

८० प्लसच्या शिक्क्याबद्दलही गैरसमज फार आहे. वीज किती वाया जाते, एवढंच तो शिक्का सांगतो. आतले कपॅसिटर कसले आहेत, जादा व्होल्टेज आलं तर सप्लाय स्वतःहून बंद होतो का, हे त्यावरून कळत नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी बघा: वॉरंटी निदान पाच वर्षांची आहे का, आणि इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का. दुसरी गोष्ट गावाकडे जास्त महत्त्वाची. शेतातले पंप एकदम चालू झाले की घरातली ट्यूब फडफडते, तेव्हा २०० च्या खाली चालायची खात्री न देणारा सप्लाय पीसी रीस्टार्ट करतो आणि पोरगं विंडोज पुन्हा टाकत बसतं.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार जुन्या घरांतून नेहमी येते आणि ‘तेवढं चालतंय की’ म्हणून सोडून दिली जाते. ते चालत नाही. सप्लायच्या आत फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीकडे गेलेले बारके कपॅसिटर असतात. त्यांच्यातून झिरपणारा करंट अर्थच्या वायरीने जमिनीत जायचा असतो. अर्थच नसेल तर कॅबिनेटची बॉडी २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास राहते. करंट बारीक असल्यामुळे माणसाला नुसत्या मुंग्या येतात, पण चालू पीसीला मॉनिटरची एचडीएमआय केबल लावता-काढताना तोच करंट कार्डाच्या पोर्टमधून वाट काढतो. पोर्ट असेही मरतात आणि दोष मात्र कार्डाला लागतो.

वायरमनला बोलावून मीटर लावून घ्या. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ, दोन्हीकडे जवळपास सारखंच व्होल्टेज दिसलं पाहिजे. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. कुणी पॉइंटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून ‘झालं बघा अर्थिंग’ म्हणत असेल तर त्याला थांबवा. न्यूट्रल कुठे तुटला तर पीसीच्या पत्र्यात सरळ २३० व्होल्ट येतील. खड्डा काढून नीट अर्थिंग करायला येणारा खर्च मधल्या दर्जाच्या मदरबोर्डापेक्षाही कमी असतो.

वळवाच्या दिवसांत अजून एक वाट लक्षात ठेवा. गच्च्यांवरून आणि खांबांवरून ओढलेली इंटरनेटची लॅन वायर. आभाळ गडगडायला लागल्यावर पॉवरची पिन काढणारे बरेच, पण लॅनची पिन तशीच राहते. वीज जवळपास पडली तर त्या तांब्याच्या वायरीतून आलेला झटका मदरबोर्डाचा लॅन पोर्ट घेऊन जातो, कधी पूर्ण बोर्डच. दोन्ही पिना काढा.

यूपीएस आहे, मग गेम चालू असताना पीसी का बंद पडतो?

कारण तो यूपीएस ऑफिसच्या पीसीसाठी होता. ६०० व्हीए लिहिलेला साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० कार्ड असलेला पीसी गेममध्ये मॉनिटर धरून ३०० वॅटपर्यंत सहज जातो, मधे क्षणभर त्याच्याही वर. बॅटरी थोडी जुनी असली की लाईट जाताक्षणी यूपीएस हात टेकतो. १००० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्या, आणि तो गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरता आहे हे मनाशी ठरवा.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवणार असाल तर तो प्युअर साइनवेव्ह आहे का, म्हणजे लाईनसारखी गुळगुळीत लाटेची वीज देतो का, ते विचारा. चांगल्या सप्लायमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) असतं आणि स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टरवर असे सप्लाय कधी घूं-घूं करतात, कधी सरळ बंद पडतात. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. ते नॉर्मलवर राहिलं तर लाईनवरून बॅटरीवर जाताना वेळ जातो आणि पीसी रीस्टार्ट होतो. यात बिघाड काहीच नसतो, बटण तेवढं सरकवायचं असतं.

‘चार जीबीचं कार्ड हाय, जीटीए चालंल न्हवं?’

हा प्रश्न ज्या कार्डाबद्दल असतो ते बहुधा जीटी ७३० निघतं. कार्डाची ताकद जीबीवरून मोजणं ही आपल्याकडची सगळ्यात महाग चूक आहे. जीबी म्हणजे कार्डाकडे सामान ठेवायला जागा किती. काम करणारी चिप किती जोरकस, हे त्यातून कळत नाही. जीटी ७३० ला चार जीबी असली तरी चिप जुनी आणि मेमरी बऱ्याचदा जुन्या डीडीआर३ प्रकारची. व्हिडिओ बघायला ठीक.

नावातही फसगत आहे. जीटी १०३० दोन प्रकारांत आलं, जीडीडीआर५ मेमरीचं आणि डीडीआर४ मेमरीचं. दुसरं फार हळू, नाव मात्र तेच. आरटीएक्स ३०५० चंही तसंच. २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं कार्ड ७० वॅटचं आहे, त्यात २३०४ कोअर (हिशोब करणारे भाग) आणि ९६ बिटची बस (मेमरीपर्यंतची वाट). जुन्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिट. म्हणजे फरक फक्त दोन जीबीचा नाही. खोक्यावरचं पूर्ण नाव वाचून मगच पैसे द्या.

जुनं कार्ड घेणार असाल तर आणखी जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (कार्डं सतत चालवून चलन कमावणं) बंद झालं आणि वापरून दमलेली कार्डं बाजारात आली. त्यातली बरीच अजून चालतात, त्यांना सरसकट नाकारायचं कारण नाही. पण घेण्याआधी तुमच्या डोळ्यांसमोर अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा. पंखे वाजतात का, स्क्रीनवर ठिपके येतात का ते बघा, आणि जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडा. जुन्या चिपचं बायोस (पार्टमध्येच लिहिलेला मूळ प्रोग्राम) बदलून जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं ते ओळखतं. आरएक्स ५८० सांगून कार्ड दिलं तर शेडरचा, म्हणजे कोअरचाच, आकडा वाचा: खऱ्याला २३०४, २०४८ दिसले तर ते हलकं मॉडेल आहे आणि भावही तसाच लागला पाहिजे.

जुन्या पीसीत नवा पार्ट

ऑफिसमधून निघालेला, स्वस्तात मिळणारा ब्रँडेड पीसी घेऊन त्यात कार्ड टाकायचं, हा कॉलेजच्या पोरांचा आवडता मार्ग. मार्ग वाईट नाही, पण आधी झाकण उघडून बघा. अशा बऱ्याच पीसीत मदरबोर्डाची पॉवरची पिन नेहमीची २४ पिनची नसते, त्यामुळे सप्लाय बदलायचा म्हटलं की कन्व्हर्टर शोधत फिरावं लागतं. बारीक कॅबिनेट असेल तर कमी उंचीचंच कार्ड बसतं. कार्डाचा स्लॉट फार तर ७५ वॅट देतो, त्यामुळे वेगळी पॉवर पिन न लागणारं कार्ड हवं. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेलं बिनपिनची आहेत, काहींना सहा पिनचा कनेक्टर लागतो. दुकानात फोटोवर विश्वास न ठेवता कार्ड हातात घेऊन बघा.

प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा आय५ असेल तर आणखी एक अडचण. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं लागतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय उघडत नाही. आडवाटेने विंडोज ११ टाकून देणारे भेटतात, पण तो गेम खेळायचा असेल तर पैसे देण्याआधी याचा विचार करा.

ज्यांच्याकडे बी४५० मदरबोर्ड आणि जुना रायझन प्रोसेसर आहे त्यांनी सगळं मोडीत काढू नये. बायोस अपडेट करून त्यात रायझन ५ ५६०० बसतो आणि जुनी डीडीआर४ रॅम तशीच राहते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या वेगाने चढले, ते बघता हा सध्याचा सगळ्यात शहाणपणाचा अपग्रेड आहे. एएम५ वर, म्हणजे रायझनच्या नव्या सॉकेटवर गेलात की डीडीआर५ घ्यावीच लागते. तिथे डीडीआर४ चालतच नाही. मात्र बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करा, पीसी यूपीएसवर ठेवून. वीज कंपनी हेस्कॉमच्या दुरुस्तीमुळे लाईट कुठे जाणार ते पेपरात येतं, तो दिवस टाळा. अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली तर बोर्ड उठत नाही आणि बायोसची चिप पुन्हा लिहून घ्यायला माणूस शोधावा लागतो.

बी४५० बोर्डांवर कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी, पीसीआयई ३.०, आहे. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं (डेटा जायच्या वाटांचं) कार्ड त्यावर अडखळतं. रायझन ५ ५६००जी घेतला तर नवीन बोर्डावरही तो ३.० वरच चालतो. आणि ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावापुढे एफ आहे त्याला आतलं ग्राफिक्स नसतं. ‘कार्ड पुढच्या महिन्यात घेतो’ म्हणणाऱ्याने तो घेऊ नये, महिनाभर स्क्रीन काळीच राहील.

जोडून झालं, पण चालेना

पंखे फिरतात, स्क्रीन येत नाही. आधी मॉनिटरची केबल बघा. ती मदरबोर्डात लावलेली सापडते, ती कार्डात हवी. मग प्रोसेसरजवळची आठ पिनची पॉवर वायर बसलीय का बघा, मग रॅम. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, ‘टक्’ आवाज येईपर्यंत. एएम५ चा नवा पीसी पहिल्यांदा चालू करताना रॅम ओळखायला काही मिनिटं घेतो. घाबरून पॉवर बंद करू नका, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात सर्द हवेमुळे रॅमच्या सोनेरी पट्ट्या मळतात आणि चांगला चाललेला पीसी एका सकाळी बीप देत बसतो. पॉवर काढून रॅम बाहेर घ्या, साध्या पांढऱ्या खोडरबरने पट्ट्या पुसा, कण झटका आणि परत लावा. नवीन रॅम घ्यायच्या आधी एवढं नक्की करा.

स्क्रीन आली, पण गेम अडकतोय? रॅम तिच्या लिहिलेल्या वेगाने आपोआप चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू केली नसेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत असेल. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये ६० वरच ठेवलेले तर किती तरी आहेत. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदला.

वीस-पंचवीस मिनिटांनी वेग पडत असेल तर तापमान बघा. नव्या पीसीत कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलेलं असतं. जुन्यात धूळ. उसाच्या हंगामात पाचट जाळतात तेव्हा आणि कारखान्यांच्या आसपास काळी काजळी उडते, ती जाळीत बसते. निपाणीकडे तंबाखूची बारीक भुकटी. तिथे समोर धुळीची जाळी असलेलं, ती काढून धुता येणारं कॅबिनेट घ्या, काचेच्या समोरच्या भागावर पैसे घालू नका. आणि जोर लावल्यावरच पीसी झटकन बंद होत असेल, तापमान मात्र बरोबर असेल, तर परत पहिल्या मुद्द्यावर या: सप्लाय कमी पडतोय.

बिल आणि ने-आण

भाव बघून कोल्हापूर, पुणे किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडवरून पार्ट आणणं चुकीचं नाही. फक्त बिल जीएसटीचं असावं आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर असावा. वॉरंटीला पार्ट घेऊन कोण जाणार, कुरिअरचा खर्च कोणाचा, हे घेतानाच विचारून ठेवा. बेंगळुरू बेळगावहून पाचशे किलोमीटर आहे; दोन-तीनशे रुपयांच्या फरकासाठी तेवढं लांब बांधून घेऊ नये. खोक्याशिवाय मिळणाऱ्या ट्रे प्रोसेसरची वॉरंटी बहुधा दुकानदाराकडे असते, कंपनीकडे नाही. त्यामुळे तो ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

परीक्षा संपल्यावर उद्यमबागेतल्या रूमवरून पीसी बसने गावी न्यायचा असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या खोक्यात ठेवा. खड्ड्यांमध्ये कार्डाच्या वजनाने मदरबोर्डाचा स्लॉट तडकतो, आणि तो वॉरंटीत बसत नाही.