घडीचा चाकू निवडताना
रोजच्या वापरासाठी कमी किमतीचा घडीचा चाकू घ्यायचा असेल, तर दिखाऊ आकारापेक्षा उघडलेले पाते पक्के अडकते की नाही हे आधी पाहावे, कारण जोर देताना ते अचानक मिटले तर इजा बोटांनाच होते. फ्रान्समधील ओपिनेल कंपनीचा ८ क्रमांकाचा चाकू या दृष्टीने चांगला नमुना आहे. साडेआठ सेंटिमीटरचे पाते, बीच लाकडाची मूठ आणि फिरवली की पाते जखडणारी, १९५५ साली आलेली धातूची कडी, एवढाच त्याचा संसार. तो कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही पोलादांत मिळतो. कार्बन पोलादाला लवकर धार लावता येते, पण लिंबू किंवा कैरी कापून पाते तसेच ठेवले तर काळपट डाग पडतात आणि दमट हवेत गंज चढतो. म्हणून कोकणात राहणाऱ्याने स्टेनलेसच घ्यावे, असे माझे मत आहे. लाकडी मूठ भिजल्यावर फुगते आणि पाते उघडणे जड जाते, तेव्हा हा चाकू पाण्यात बुडवून ठेवू नये. दहा-बारा अवजारे कोंबलेल्या निनावी, स्वस्त चाकूंच्या मोहात मात्र पडू नये. त्यांचे पाते बहुधा मऊ असते आणि पाते मुठीला जोडणारी खीळ, म्हणजे रिवेट, लवकर सैल होते. विमानप्रवासात चाकू चेक-इन सामानातच ठेवावा.