हापूसचा पुनर्मोहोर: जिबरेलिक आम्ल कधी फवारावं, कधी हात आवरावा

डिसेंबर-जानेवारीत रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ल्याकडे रात्री गार पडू लागल्या की बागायतदाराचा जीव भांड्यात पडतो, कारण मोहोर थंडीनेच येतो. पण हीच थंडी लांबली, की कणी, म्हणजे बारीक फळं, धरलेल्या मोहोराच्या बुडाशी मोहोराचे नवे बोंगे फुटतात. हाच पुनर्मोहोर. झाडाचं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि आधीची मोहरी-वाटाण्याएवढी फळं गळतात. गळतात तीही नेमकी लवकर तयार होणारी, चांगल्या भावाची फळं.

हे का होतं ते समजलं तर फवारणीची वेळ चुकत नाही. पावसानंतरची पालवी जून झाली की शेंड्याचा डोळा काही काळ निजून राहतो. हिमाचलातलं सफरचंद पानं गाळून झोपतं आणि शेकडो तास थंडी खाल्ल्याशिवाय जागं होत नाही. आंब्याची झोप तेवढी गाढ नसते, पानंही हिरवी असतात. डोळा जागा होताना पालवी फेकायची की मोहोर, हे त्या दिवसांतली थंडी आणि झाडातली संजीवकं, म्हणजे वाढीवर ताबा ठेवणारी द्रव्यं, मिळून ठरवतात. जिबरेलिन हे संजीवक भरपूर असेल तर पालवी, ते कमी आणि रात्री गार असतील तर मोहोर.

जुलै-ऑगस्टमध्ये आपण मुळाशी पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे आपलं कल्टार, देतो ते झाडात जिबरेलिन तयार होऊ नये म्हणूनच. त्याने मोहोर लवकर येतो. पण शेंड्यावर मोहोर येऊन गेला तरी झाडात जिबरेलिन कमीच असतं, आणि थंडी चालूच राहिली तर खालचे निजलेले डोळेही मोहोराच्याच रूपाने जागे होतात. ऐन थंडीत शेंड्याचा मोहोर मोडला तर खालच्या पानांच्या बेचक्यांतून नवे तुरे येतात, हे अनेकांनी पाहिलं असेल. शेंड्याचा खालच्या डोळ्यांवरचा धाक सुटला की असं होतं. म्हणून पावसाळ्यात जे संजीवक आपण अडवलं, तेच थंडीत जिबरेलिक आम्लाच्या रूपाने मोजून परत द्यायचं.

प्रमाण 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग), म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम शुद्ध जिबरेलिक आम्ल. शुद्ध भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग पाण्यात मिसळा. पुडीवरची टक्केवारी वाचल्याशिवाय वजन करू नका: 40 टक्क्यांचं उत्पादन असेल तर 20 लिटरला अडीच ग्रॅम लागेल. दुकानात 0.001 टक्क्याची द्रवरूप बाटलीही मिळते. ती मुळातच 10 पीपीएम असते, पाणी न घालता फवारली तरी 50 होत नाही. या कामाला ती घेऊच नका, पैसे वाया जातील. द्रावण त्याच दिवशी वापरा, बोर्डोसारख्या चुन्याच्या द्रावणात मिसळू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही फवारणी अख्ख्या बागेवर सरसकट करायची नाही. ज्या कलमाला पुरेसा मोहोर आला आहे, परागीभवन झालं आहे आणि पुढेही थंडी राहील असं दिसतं, त्याच कलमावर करा. मोहोर फुललेला असताना पहिली आणि फळं मोहरीएवढी दिसू लागल्यावर दुसरी. ज्या कलमाचे डोळे अजून फुगलेलेच नाहीत, त्याच्यावर जिबरेलिक आम्ल गेलं तर मोहोराऐवजी पालवी येईल आणि त्या कलमाचं वर्ष हातचं जाईल. शेजारच्या बागेत पंप चालू झाला म्हणून आपलाही चालू करू नका. आधी प्रत्येक कलमाखाली उभं राहून शेंडे बघा आणि फवारायच्या कलमांना चुन्याची खूण करा. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. तुडतुड्यांचं कीटकनाशक पूर्ण फुललेल्या मोहोरावर मारू नका. माश्या मेल्या तर फळ धरणार नाही, आणि फळ धरलं नाही तर संजीवक कुणासाठी द्यायचं?

फळं वाटाण्याएवढी झाली की 1 टक्का पोटॅशियम नायट्रेट फवारा, गोटीएवढी झाल्यावर पुन्हा. पाण्याची सोय असेल तर दर 15 दिवसांनी कलमाला 150 ते 200 लिटर पाणी आळ्यात द्या. कातळावरच्या बागेत एवढ्यानेही गळ कमी झालेली दिसते.

ज्या कलमांवर यंदा पुनर्मोहोर जोरात आला त्यांची नोंद वहीत ठेवा. पुढच्या जुलैत त्यांना कल्टार देताना विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला 0.75 ग्रॅम क्रियाशील घटक, एवढंच. हे औषध मातीत बराच काळ टिकतं, त्यामुळे दरवर्षी हात सैल सोडला तर जमिनीत साठत जातं.