गावची सुरक्षा, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे: या चुका टाळा

गावात दोन घरं फुटली, चार मोटारींच्या केबल गेल्या की ग्रामसभेत पहिला आवाज उठतो: "पोलीस करतात काय?" प्रश्न रास्त आहे. पण तो हवेत विचारला की हवेतच विरतो. ग्रामपंचायतीला ठाण्यावर हुकूम चालवता येत नाही. तिला कळवता येतं, नोंद ठेवता येते आणि लेखी जाब विचारता येतो. बहुतेक घोळ इथेच होतो. जे हातात आहे ते कागदावर येत नाही आणि जे हातात नाही ते, म्हणजे निवाडा आणि शिक्षा, गाव स्वतःच करायला जातं.

मोघम ठराव

"गावात पोलीस गस्त वाढवावी" हा ठराव राज्यातल्या कुठल्याही गावाच्या इतिवृत्तात सापडेल. ठाण्यात तो फाईलला लागतो आणि तिथेच राहतो, कारण त्यावर करायचं काय हे त्यात लिहिलेलंच नसतं. ठरावात जागा, वेळ आणि घटना हव्यात: कोणत्या शिवारात, कोणत्या तारखांना, रात्री किती ते किती, काय गेलं, तक्रार दाखल झाली का, झाली असल्यास गुन्हा क्रमांक काय. मागणीही मोजता येईल अशी हवी. उदाहरणार्थ, आठवडे बाजाराच्या दिवशी संध्याकाळी एक फेरी आणि बीट अंमलदाराची (गावाचा भाग सांभाळणाऱ्या पोलिसाची) महिन्यातून दोनदा भेट.

दुसरी चूक गणपूर्तीची. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मात्र मूळ विषयपत्रिकेवर नसलेला विषय तिथे घुसडता येत नाही. म्हणून सुरक्षेचा विषय पहिल्या नोटिशीतच छापा. "आयत्या वेळचे विषय" यात तो ढकलू नका.

ठरावाची प्रत ठाणे प्रभारी, उपविभागीय पोलीस अधिकारी आणि तहसीलदार अशा तिघांना द्या. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच दप्तरी लावा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे पोच नव्हे. पुढच्या सभेत पहिला प्रश्न "त्या पत्राचं काय झालं?" हाच असला पाहिजे, आणि उत्तर इतिवृत्तात उतरलं पाहिजे.

पोलीस पाटील म्हणजे सरपंचाचा माणूस, हा समज

पोलीस पाटलाची नेमणूक महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम 1967 खाली होते. नेमणारा आणि कारवाई करणारा अधिकारी महसूलचा, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी. सरपंचाला त्याला कामावरून काढता येत नाही आणि गप्पही बसवता येत नाही. उलट चूकही तितकीच होते: "ते पाटलाचं काम" म्हणून सदस्य हात झटकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 34 वाचा. अजामीनपात्र गुन्हा, आकस्मिक किंवा संशयास्पद मृत्यू, चोरीचा माल घेणारा गावात राहतो ही माहिती कळताच ती दंडाधिकाऱ्याला किंवा ठाण्याला विनाविलंब कळवण्याचं कर्तव्य त्यात आहे, आणि ग्रामपंचायतीचा प्रत्येक सदस्य त्यात मोडतो. विहिरीत प्रेत सापडल्यावर "आधी पाहुण्यांना येऊ द्या" म्हणणारा सदस्य स्वतः अडचणीत येतो.

जे मिटवता येत नाही ते मिटवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. बांधाची भांडणं, वाटणीचे वाद, किरकोळ हाणामारी यांत तिचा उपयोग आहेच. पण तंटामुक्ती समितीच्या बैठकीत आलेलं प्रत्येक प्रकरण तडजोडीचं नसतं. कोणते गुन्हे आपसांत मिटवता येतात याचा तक्ता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. काही पक्षकार स्वतः मिटवू शकतात, काहींना न्यायालयाची परवानगी लागते, आणि जे त्या तक्त्यात नाहीत ते मिटतच नाहीत. तो तक्ता छापून समितीच्या खोलीत भिंतीवर लावावा.

लहान मुलावर लैंगिक अत्याचार, बलात्कार, ॲट्रॉसिटी: इथे बैठक बसवणं हाच अपराध ठरू शकतो. पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे माहिती असणाऱ्याने कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "पोरीचं लग्न व्हायचंय, गावाची इज्जत" या दोन वाक्यांवर मांडवली होते. मग वैद्यकीय तपासणीला उशीर होतो, पुरावा जातो आणि खटल्यात बचाव पक्ष त्याच उशिरावर बोट ठेवतो.

तसंच दंड आणि वाळीत टाकणं. गावजेवणाचा दंड, पाणवठा बंद, अंत्यविधीला न जाणं अशा गोष्टींसाठी महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ठरावाच्या भाषेत कितीही गुळचट लिहिलं तरी सह्या करणारे सगळे त्यात येतात.

तडजोड योग्य प्रकरणात झाली तरी कागद अर्धवट राहतो. प्रकरण न्यायालयात असेल तर गावातल्या सह्यांनी ते बंद होत नाही. तिथे तडजोड नोंदवावी लागते, किंवा लोकअदालतीत न्यावी, म्हणजे तिला हुकूमनाम्याचं बळ येतं. आणि जमिनीचा हक्क स्टॅम्पपेपरवर लिहून दिला म्हणजे झालं, हा गैरसमज तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. नोंदणीशिवाय त्या कागदावर फेरफार मागायला गेलं की तलाठी परत पाठवतो.

अर्ज दिला, गुन्हा दाखल झाला?

"ठाण्यात दिलंय" म्हणणाऱ्याला विचारा, नेमकं काय दिलंय? तक्रार अर्ज, एनसी आणि प्रथम खबर (एफआयआर) या तीन वेगळ्या गोष्टी. अर्ज चौकशीला जातो. एनसी म्हणजे अदखलपात्र; दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. तपास हवा तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली खबर नोंदवायला हवी.

- घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी खबर घ्यावीच लागते, तिथून ती वर्ग होते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करा.
- प्रत विनामूल्य मिळते. मागून घ्या.
- नकार मिळाला तर तीच खबर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. तिथेही हललं नाही तर दंडाधिकारी.
- तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची असते. तारीख दप्तरी लिहून ठेवा आणि त्या दिवशी लेखी विचारा.

सीसीटीव्ही: उद्घाटन झालं, फुटेज नाही

हिशेब आधी करा. 2 एमबीपीएसवर चालणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण 21.6 जीबी जागा खातो. आठ कॅमेरे म्हणजे रोज सुमारे 173 जीबी. ठेकेदार 1 टीबीची डिस्क देतो, ती सहाव्या दिवशी स्वतःवरच लिहायला लागते. तीस दिवसांसाठी 5.2 टीबी लागते, म्हणजे व्यवहारात 6 टीबी. निविदेत "पुरेशी साठवण" असं न लिहिता दिवस लिहा.

वीज गेल्यावर डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) यूपीएसवर चालतो, पण खांबावरचा नेटवर्क स्विच बंद असतो. मग डीव्हीआर रात्रभर काळा पडदा साठवतो. वेशीवरच्या कॅमेऱ्यात नंबरप्लेट पांढरीफटक दिसते, कारण इन्फ्रारेड उजेड प्लेटवरून परततो. त्यासाठी एक वेगळा कॅमेरा गतिरोधकापाशी, खालच्या उंचीवर, अरुंद कोनात आणि वेगवान शटरवर लावा.

घटना घडल्यावर पडद्यावरून मोबाईलने शूटिंग करून ग्रुपवर टाकू नका. डीव्हीआरचं घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक आधी लिहून घ्या, तो दुरुस्त करू नका. क्लिप लगेच काढून ठेवा. डिस्क पोलिसांनी नेली तर पंचनाम्याची प्रत घ्या आणि कपाटात एक जादा डिस्क ठेवा, नाहीतर गाव महिनाभर आंधळं. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ यंत्र सांभाळणाऱ्याने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो, हॅश व्हॅल्यूसकट (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). हे यंत्र कोणाच्या ताब्यात आहे ते ठरावाने नाव घालून ठरवा. "शिपायाकडे किल्ली असते" हे उत्तर उलटतपासणीत टिकत नाही.

राखणीचं पथक आणि अफवा

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते मंगळवेढा भागातले, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. मारहाण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन झाली. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचल्यात तीन जीव गेले, तेही अफवेच्या वातावरणात आणि पोलीस हजर असताना.

गस्तीचं पथक काढायचं तर नावांची यादी आधी ठाण्यात द्या. पाळ्या दोन-दोन तासांच्या, सोबत टॉर्च आणि शिट्टी. प्रत्येक पाळीत एक जाणता माणूस आणि चार ओळींची नोंदवही. कुणाचं आधार कार्ड काढून ठेवायचा अधिकार पथकाला नाही. आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य माणूसही पकडू शकतो, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावंच लागतं. नुसत्या संशयावर धरता येत नाही. अनोळखी माणूस दिसला तर 112. जमाव जमायला लागला तर पहिला फोन 112 ला, दुसरा पोलीस पाटलाला, आणि त्या माणसाला कुलूप लावता येईल अशा खोलीत बाहेरच्यांपासून वाचवून ठेवा. ज्याच्या मोबाईलवरून अफवा फिरली त्याचं नाव रात्रीच नोंदवा.

दारूबंदीचा अर्धा हिशेब

अवैध गुत्ता आणि परवानाधारक दुकान यांची वाट वेगळी. गुत्त्यासाठी 2016 च्या दारूबंदी कायदा दुरुस्तीने आलेलं ग्रामरक्षक दल. दुकानासाठी उभी-आडवी बाटलीचं मतदान, म्हणजे दुकान राहावं की बंद व्हावं यावर गावाचा कौल. अर्जावरच्या सह्यांची मतदार यादीशी पडताळणी होते. स्थलांतरित आणि दुबार नावांमुळे अर्जासाठी लागणाऱ्या 25 टक्के सह्यांचा आकडा निसटतो, म्हणून तीसेक टक्के सह्या गोळा करा.

तक्रार पोलिसांविरुद्धच असेल तर

त्याच ठाण्यात अर्ज देऊन वाट पाहू नका. कोठडीतली मारहाण, बेकायदा अटक, खंडणी अशा गंभीर बाबींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. दोन्हीकडे तारखा, वैद्यकीय कागद लागतात. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडता येतो, पण तक्रारदार पीडित किंवा त्याच्या घरचा असावा. आणि ठरावात अंमलदाराला शिवीगाळ नको. स्टेशन डायरीतली तारीख-वेळ माहिती अधिकारात मागवून तीच जोडा.