हीटर देण्याआधी: गरजू घराला थंडीत मदत कशी करावी

हीटर नेऊन दिला की मदत झाली असं वाटतं, पण हीटरच्या मागोमाग त्याचं बिलही त्या घरात शिरतं. २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिटं खातो. रोज ६ तास सलग चालला तर महिन्याला ३६० युनिटं! म्हणून सुरुवात बिलापासून करा.

मागच्या १२ महिन्यांची बिलं काढायला सांगा. रीडिंग खरोखर घेतलंय की सरासरी लावलीय, ते मीटरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. थकबाकी असेल तर वीज तोडायला माणूस येण्याआधीच लेखी अर्ज करून हप्ते मागा. हप्ता झेपेल एवढाच कबूल करा. उत्साहात मोठा धरला आणि पहिलाच चुकला, की पुढची बोलणी अवघड होतात. घरात वृद्ध, तान्हं बाळ किंवा दम्याचा रुग्ण असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. प्रीपेड मीटर असेल तर ‘रिचार्ज संपल्यावर किती दिवस तसेच काढता?’ हेही विचारा. लोक आपणहून सांगत नाहीत.

मग फटी शोधा. वाऱ्याच्या दिवशी पंखे बंद करून पेटती उदबत्ती खिडकी-दाराच्या चौकटीपासून दोन बोटांवर धरा, पडद्यापासून लांब, आणि सावकाश फिरवा. धूर सरळ वर न जाता आडवा वळला, की तिथे फट आहे. दाराखाली चिंध्या भरलेली लांब पिशवी पुरते. खिडकीच्या कडेला फोमची चिकटपट्टी लावा, पण चौकट आधी पुसून कोरडी करा. धुळीवर लावलेली पट्टी आठवडाभरात सुटते. हवा यायचे झरोके मात्र बुजवू नका. गॅस किंवा लाकूड जळत असलेल्या खोलीत ते जिवावर बेतू शकतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच नको: कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही.

सगळं घर तापवायच्या फंदात पडू नका. जिथे माणसं बसतात-झोपतात ती एक खोली निवडा. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात किमान १८ अंश सेल्सिअस धरते. वृद्ध किंवा आजारी असतील तर थोडं जास्त ठेवा. अंथरुणासाठी १०० वॅटचं विजेचं ब्लँकेट १० तासांत १ युनिट घेतं. ते तान्ह्या बाळाला नको, मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनाही नको; भाजलेलं कळत नाही. मोठा हीटर लावायचाच तर थेट भिंतीच्या जाड पिनेच्या सॉकेटमध्ये लावा, बारीक वायरीच्या एक्स्टेंशनवर नाही.

दोन आठवड्यांनी परत जा. मीटर वाचा, आणि खोलीत ठेवलेला थर्मामीटरही वाचा. युनिटं घटली आणि पाराही उतरलेला दिसला, तर ते घर बचत करत नाहीये, कुडकुडतंय. मग हप्त्याचा हिशोब पुन्हा मांडायला बसा.