क्लाउडवरचा सर्व्हर उघडत नाही? तपासणी कुठून सुरू करायची

क्लाउडवर नवं व्हर्च्युअल मशीन घेतलं, त्यावर वेब सर्व्हर बसवला, ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि पान काही उघडेना. नवशिके अशा वेळी बहुतेकदा मशीनच पुसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. त्याने क्वचितच काही सुटतं, कारण दोष सहसा मशीनमध्ये नसून वाटेत असतो. म्हणून आपल्या टोकापासून निघायचं आणि एकेक टप्पा तपासत पुढे जायचं.

आधी स्वतःच्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता बघा. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’, लिनक्सवर ‘आयपी ए’. पत्ता १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तो खासगी पत्ता आहे. असे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत. राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर त्यांच्या जागी आपला सार्वजनिक पत्ता लावतो. यालाच नॅट म्हणतात, आणि पुढे ते आपल्याला आडवं येणार आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र तिथेच थांबा. डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कमध्ये पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, काही मिळालंच नाही, म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच एक पत्ता घेतलाय. आधी केबल, वाय-फाय आणि राउटर बघा.

पत्ता ठीक असेल तर डिफॉल्ट गेटवेला, म्हणजे राउटरला, पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते बघा. नंतर ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला. दोन्हीकडून उत्तर आलं की इंटरनेटपर्यंतचा रस्ता मोकळा आहे.

आता नाव, म्हणजे डीएनएस: साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा. ‘एनएसलुकअप’ला साइटचं नाव द्या आणि येणारा पत्ता क्लाउडच्या कन्सोलवर दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून पाहा. एडब्ल्यूएसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, मशीन रीबूट केलं तर सार्वजनिक पत्ता तोच राहतो, पण बंद करून पुन्हा सुरू केलं की नवा मिळतो. डीएनएस मात्र जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत बसतो. कायमचा पत्ता हवा असेल तर इलॅस्टिक आयपी घेऊन मशीनला जोडा. डीएनएसची नोंद बदलली तरी फरक लगेच दिसेलच असं नाही: टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद साठवायचं ती मुदत, ३६०० असेल तर जुनं उत्तर तासभर कुठे ना कुठे साठवलेलं राहतं. पत्ता बदलणार हे आधीच ठाऊक असेल तर आदल्या दिवशीच टीटीएल ३०० वर आणून ठेवा.

इथून पुढे पिंगवर विसंबू नका. क्लाउडवरच्या मशीनने पिंगला उत्तर दिलं नाही यावरून काहीच ठरत नाही, कारण पिंग आयसीएमपी या वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतं आणि क्लाउडची फायरवॉल बऱ्याचदा ते आत सोडतच नाही. तपासायचं ते पोर्ट, म्हणजे मशीनवरच्या प्रत्येक सेवेचा क्रमांकाचा दरवाजा: वेबसाठी ८० आणि ४४३, एसएसएचसाठी (दुरून लॉगिन करायला) २२, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९. ‘कर्ल’ (कमांड लाइनवरून पान मागवणारं साधन) चालवा आणि ते कसं फसतं ते नीट बघा. खरी माहिती तिथेच असते.

बराच वेळ काहीच न होता शेवटी ‘टाइम्ड आउट’ आलं, तर पॅकेट मशीनच्या दारापर्यंत पोचलंच नाही किंवा कुणीतरी ते गुपचूप टाकून दिलं. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर पॅकेट पोचलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नव्हतं. एका बाबतीत क्लाउडची मांडणी तपासायची, दुसऱ्या बाबतीत मशीनच्या आत शिरायचं. हा फरक न ओळखता दोन्हीकडे हात घातला तर अर्धा दिवस जातो.

टाइम्ड आउट असेल तर पहिला संशय सिक्युरिटी ग्रुपवर, म्हणजे मशीनभोवतीच्या क्लाउडच्या फायरवॉलवर, घ्या. ८० आणि ४४३ साठी स्रोत ०.०.०.०/० म्हणजे सगळं जग. २२ मात्र सगळ्यांना उघडं ठेवू नका. तिथे फक्त तुमचा पत्ता, शेवटी /३२ (म्हणजे हा एकच पत्ता) लावून. हा ‘तुमचा पत्ता’ म्हणजे आयपीकॉन्फिगमध्ये दिसलेला १९२.१६८ वाला नव्हे! नॅटनंतर सर्व्हरला दिसतो तो सार्वजनिक पत्ता इथे लागतो. इंटरनेट कंपनीने तो बदलला की कालपर्यंत चालणारं एसएसएच आज टाइम्ड आउट होतं, आणि माणूस सर्व्हरला दोष देत बसतो.

ग्रुप बरोबर असेल तर सबनेटची, म्हणजे नेटवर्कच्या ज्या तुकड्यात मशीन आहे त्याची, राउट टेबल (पॅकेटच्या वाटांची यादी) उघडा. तिथे ०.०.०.०/० ची वाट इंटरनेट गेटवेकडे जायला हवी, आणि मशीनला सार्वजनिक पत्ताही हवा. दोन्हींपैकी एक नसलं तरी बाहेरून पोचता येत नाही. नॅट गेटवेने हे काम होत नाही. तो खासगी सबनेटमधल्या मशीनना फक्त बाहेर जाऊ देतो, आणि तो स्वतः सहसा सार्वजनिक सबनेटमध्ये ठेवावा लागतो. शिवाय वापर असो नसो, त्याचं तासाचं बिल चालूच असतं. शेवटी नेटवर्क एसीएल, म्हणजे सबनेटच्या वेशीवरची फायरवॉल. सिक्युरिटी ग्रुप आत आलेल्या विनंतीचं उत्तर आपोआप बाहेर जाऊ देतो, एसीएल तसं करत नाही. त्यामुळे ४४३ आत उघडलं आणि बाहेर जाणारी १०२४ ते ६५५३५ पोर्ट (उत्तर यांपैकीच एकावर परत जातं) बंद ठेवली, तर उत्तर बाहेर पडतच नाही.

रिफ्यूज्ड असेल तर मशीनवर लॉगिन करून ‘एसएस -टीएलएनपी’ (ss -tlnp) चालवा; कोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय याची यादी येते. यादीत पोर्टच नसेल तर सेवा सुरू नाही. पोर्ट आहे पण पुढे १२७.०.०.१ लिहिलंय, तर सेवा फक्त त्याच मशीनवरून आलेल्यांशी बोलते; तिच्या सेटिंगमध्ये ०.०.०.० करून ती रीस्टार्ट करा. डेटाबेस १२७.०.०.१ वर दिसला तर मात्र तो बहुधा मुद्दामच तसा ठेवलेला असतो, त्याला हात लावू नका.

पान उघडलं पण ४०४ किंवा ५०२ दिसलं, तर नेटवर्कला सोडून द्या, ते आपलं काम करतंय. ५०२ चा अर्थ पुढचा प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर (विनंती घेऊन मागे पोचवणारा) चालू आहे, पण मागच्या अॅपकडून त्याला धड उत्तर मिळत नाही. अॅपचे लॉग वाचा.

नेटवर्क अजून उभंच करायचं असेल तर पत्त्यांची रेंज विचार करून निवडा, नंतर ती बदलणं त्रासाचं असतं. /२४ म्हणजे २५६ पत्ते; एडब्ल्यूएस प्रत्येक सबनेटमधले ५ स्वतःकडे ठेवतं, हाती उरतात २५१. १९२.१६८.१.० ही रेंज टाळा, कारण असंख्य राउटर तीच वापरतात आणि पुढे व्हीपीएन जोडताना दोन्हीकडे तेच पत्ते निघतात. १०.३७.०.०/१६ सारखं काहीतरी आडवळणाचं घेतलेलं बरं.