गुडघे कुरकुरतात, पण गबाळं दिसायचं नाही

माझा डावा गुडघा पंचावन्नाव्या वर्षी कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला, आतल्या बाजूची फट कमी झालीय म्हणाले. वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा आणि पायात जरा बरं काहीतरी घाला. मुलाने त्याच आठवड्यात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज आणून दिले. डोंबिवली ते सीएसएमटी पाय सुखात गेले, पण कॉटनच्या साडीखाली ते बघून ऑफिसातला शिपाई म्हणाला, ‘मॅडम, आज मॅरेथॉन का?’ तेव्हापासून शोध सुरू. दोन वर्षांत तीन जोड वाया गेले, चौथा पायात आहे.

टाचेचं आधी उरकते. पेन्सिल हील आपल्यापैकी कोणी घालत नाही, पण ब्लॉक हील फसवते. रुंद असल्यामुळे तोल जात नाही, म्हणून गुडघ्यालाही चालेलसं वाटतं. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, तिने माझा पहिला जोड बघूनच कपाळाला हात लावला. टाच उचलली की गुडघ्यावरचा ताण वाढतो, मग ती सुईएवढी असो की पाटाएवढी. रुंद टाचेनेही ताण वाढतो हे 2001 सालीच लॅन्सेटमध्ये छापून आलंय म्हणे. मी आता दोन आडव्या बोटांचं माप धरते, साधारण तीन सेंटिमीटर. त्याहून उंच दिसली की जोड परत फळीवर.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले आणि पुठ्ठ्यासारख्या पातळ बॅलेरिना घेतल्या. दिसायला गोड, पण स्टेशनचा पूल उतरताना प्रत्येक पायरी थेट गुडघ्यात लागायची. पातळ, लवचीक तळाचं मध्यंतरी बरंच कौतुक झालं होतं. पण 2021 साली मेलबर्नच्या संशोधकांचा अभ्यास आला. गुडघेदुखीवाल्या एका गटाने सहा महिने तसे सपाट बूट घातले, दुसऱ्याने आधार देणारे भक्कम. चालतानाचं दुखणं भक्कमवाल्यांचं जास्त कमी झालं. त्याने गुडघ्याची झीज भरून येत नाही, हे भाची दरवेळी बजावते. आणि बुटात आतून घालायचे, एका बाजूने उंच केलेले इनसोल स्वतःच्या मनाने घेऊ नका, हेही.

खरेदीला संध्याकाळी जायचं. दिवसभराने पाय फुगलेला असतो, सकाळी बसलेला बूट सहा वाजता चावतो. मी लोकलमधून उतरून थेट फडके रोड गाठते. आणि जोड पायात घालायच्या आधी हातात घेते. टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबायची, लगेच आत गेली तर नको. मग टोक आणि टाच धरून वाकवायचा. बोटांच्या मुळाशी वाकला तर ठीक, मधोमध घडी पडली तर बाद. शेवटी ओलं फडकं पिळतो तसा पिळून बघायचा. सहज पिळला गेला तर तोही बाद. इथे सेल्समन हमखास म्हणतो, ‘मॅडम, तुटेल!’ तुटू दे की, तेच तर बघायचंय.

पायात घातल्यावर उभं राहून बघायचं, बसून नाही. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. माझा उजवा पाय मोठा आहे, मी त्याच्या मापाने घेते. ‘वापरून सैल पडेल’ हे वाक्य कानाआड करायचं. गालिच्यावर दोन पावलं टाकून काहीच कळत नाही. दुकानाच्या पायऱ्या उतरून बघा, चढून नव्हे. माझा गुडघा तरी उतरतानाच तक्रार करतो.

आता खरी अडचण. बुटांचे सल्ले देणारे बहुतेक सकाळी नाडी बांधून रात्री सोडणारे असावेत. आपल्याकडे देवळात काढा, दवाखान्याच्या दाराशी काढा, हळदीकुंकवाला काढा, आणि तिथे टेकायला स्टूल नसतंच. नाडीसाठी वाकायचं म्हणजे गुडघ्याची परीक्षा. मागून उघड्या चपला सोप्या, पण त्या सुटू नयेत म्हणून बोटं आवळून चालावं लागतं. बंद बुटाची मागची भिंत चुरगाळून पाय सरकवला तर ती महिन्याभरात मेलीच. तिसरा जोड मी असाच मारला.

तोडगा सापडला तो वेल्क्रोच्या पट्ट्यात. वरून बकल दिसतं, खाली वेल्क्रो असतो. पाय पायरीवर ठेवला की एका हाताने लागतो. माझा सध्याचा जोड असाच आहे, तपकिरी, पुढून बंद, साडीवर आणि सलवारवर दोन्हीकडे चालणारा. घरी दाराशी लांब दांड्याचा शूहॉर्न टांगलाय. नवरा हसायचा, आता तोच वापरतो.

कोल्हापुरी सोडवत नाही. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा चामड्याचा तळ काही मऊ झाला नाही, आणि ओल्या फरशीवर घसरते ती घसरतेच. मी स्टेशनबाहेरच्या चपला दुरुस्तीवाल्या काकांकडून तिला खालून रबर लावून घेतलंय. पैठणीवर तीच घालते, पण मंगल कार्यालयात शिरल्यावर. तिथपर्यंत वेल्क्रोवाला जोड, मग तो पिशवीत.

जुन्या जोडाचे तळही मधूनमधून उलटे करून बघा. माझी टाच बाहेरच्या कडेने झिजते आणि तिरकी झाली की दोन दिवसांत गुडघा बोलायला लागतो. डाव्या पायाची आत्ताच तशी झालीय, शनिवारी काकांकडे टाकायचीय.