कोल्ड स्टोरेजच्या इव्हॅपोरेटरखाली बर्फ? आधी ड्रेन पाइप बघा

इव्हॅपोरेटर म्हणजे खोलीत थंड हवा सोडणारं युनिट. डिफ्रॉस्ट (त्याच्या कॉइलवरचा, म्हणजे थंड नळ्यांवरचा बर्फ वितळवणं) होऊनही खाली पाणी गोळा करणाऱ्या ट्रेमध्ये बर्फ साचतो, पाणी खाली डाळिंबाच्या क्रेटवर ठिबकतं. लगेच गॅस कमी झालाय असं धरून मेकॅनिकला बोलावू नका.

१. डिफ्रॉस्ट संपताच युनिटचा मेन स्विच बंद करा. पंखे पूर्ण थांबू द्या.
२. ट्रेमध्ये बादलीभर कोमट पाणी ओता आणि बाहेर पाइपच्या तोंडाशी एकाला उभं करा. धार आली तर ठीक. नुसते थेंब आले तर पाइप तुंबलाय. जाळीतला कचरा काढून पुन्हा ओता.
३. भिंतीबाहेरचा यू-ट्रॅप (ड्रेन पाइपचा यू आकाराचा वाक, यातलं पाणी बाहेरची हवा अडवतं) पाण्याने भरलेला असायला हवा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, त्यामुळे ट्रॅपमधलं पाणी उडून जातं. मग बाहेरची गरम हवा पाइपातून थेट आत शिरते. उन्हाळ्यात दर आठवड्याला तांब्याभर पाणी ओतलं की झालं. फुकटचं काम, पण नेमकं हेच राहून जातं.

फ्रीझर रूम असेल तर पाइपवरचा हीटर गरम होतोय का तेही तपासा.

बर्फ स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. कॉइलला भोक पडलं तर गॅस जाईल, आणि अमोनियाचा प्लांट असेल तर जिवाशी खेळ.